जोडीचा पगार

सोमवार, नंदुरबार

सुनेने संगणकावर पगार करायला शिकवलं. शिकले, आणि काय केलं? आमच्या मिरची वाळवायच्या पथारीवर नवरा-बायको जोडीने देठं खुडतात, म्हणून जोडीला एकच नाव घातलं, नवऱ्याचं. पैसे त्याच्याच खात्यात. मजुरी रोख होती तेव्हा दोघांच्या हातात अर्धी-अर्धी देतच होते ना?

आज वंतीबाई आली. नवरा पैसे घेऊन सुरतेला पळाला.

"मावशी, मन्ही मजुरी?"

"तुन्हा नवराना खातामा गई."

"मंग मिरची त्यानी एकलानीच खुडी का?"

रडली, पण डोळे पुसले नाहीत. हाताला मिरची होती.

पदरचे देऊ केले. "भीक नको. मन्हं नाव लिख."

लिहू कुठे? पगार झालेले मागचे महिने संगणक उघडूच देत नाही. जेवताना पुन्हा पुन्हा हात धुतले. मी तर मिरचीला शिवलेही नव्हते.