मागच्या स्पीकरमधले पक्षी

तू फोन केलास आणि बापाने तो कापला, असं तू तुझ्या आईला सांगितलंस. एकदा नाही, दोनदा कापला म्हणे. वर असंही म्हणालास, की आता मी त्या माणसाला फोन करणार नाही, त्याने करावा. तुझ्या आईने हे डोळे पुसत, माझ्या तोंडासमोर येऊन, ओरडून सांगितलं, कारण मला तसंच सांगावं लागतं. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून मायना नंतर, आधी हे घे. तू मूर्ख आहेस. कान धड असून मूर्ख आहेस, म्हणून जास्त मूर्ख.

आता मायना. प्रिय भोंग्या,

पत्र बघून हसू नकोस. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर जमेल तसं लावून घे. फोनवर मला शब्द कळत नाहीत, आणि कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की ते कुईं करतं. शिवाय मला जे सांगायचंय ते तुझ्या आईच्या तोंडून गेलं तर वाटेत त्यात अर्धा लिटर पाणी पडेल.

तू गेलास त्याला चार महिने झाले. तिकडे स्टुडिओत लागलास, चांगलं झालं. दिवसभर कानावर डबडी चढवून दुसऱ्याच्या सिनेमात पावलांचे आवाज बसवतोस असं कळलं. इथली खबर अशी, की पहिल्या तारखेला तुझ्या बापाचं स्पीकरचं दुकान बंद होतंय. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण ती जागा घेतोय. बाप सगळ्यांना सांगतो, धंदा राहिला नाही, लोक आता टीव्हीखाली एक लांबडी पट्टी ठेवतात आणि त्यालाच थिएटर म्हणतात. हे खोटं नाही, पण दुकान त्याने बंद होत नाहीये. ते कशाने होतंय ते मला माहीत आहे, आणि ते लिहायला मी तीन दिवस या टेबलाशी बसतेय आणि उठतेय.

दुकानामागची ती ऐकायची खोली तुला आठवते ना. खिडकी नाही, भिंतींना तपकिरी गालिचा, पाच खुर्च्या, मधली माझी. दुपारी घरात एकटी भिंती बघण्यापेक्षा मी तिथे येऊन बसायचे, आणि तुझा बाप गिऱ्हाइकाला सांगायचा, आमची आई इथून उठतच नाही, एवढा आवाज गोड आहे. मला कप्पाळ कळत होता आवाज. गिरणीत बावीस वर्षं मागावर उभी राहिले, कान तिथेच ठेवून आले. पण नऊ वर्षं त्या खुर्चीत बसून तुमची बाराखडी पाठ झाली. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे समोर तीन, बाजूला दोन आणि जमिनीवर एक जाडा डबा. समोरच्या तिघांतला मधला फक्त माणसांच्या बोलण्याचा. सेव्हन पॉइंट वन म्हणजे त्यातच पाठीमागे आणखी दोन. आणि तुझं ते लाडकं अ‍ॅटमॉस, त्यात छतालाही स्पीकर. तू मला ताट-वाट्या मांडून समजावलंस, की यात आवाजाला कुठल्या डब्यातून निघायचं ते सांगत नाहीत, खोलीत कुठे जायचं ते सांगतात. मी म्हटलं, म्हणजे आधी नोकराला खोली नेमून दिली होती, आता नुसतं काम सांगतात. तू पोट धरून हसलास. तुझा बाप शेजारीच होता, तो हसला नाही. तेव्हा मला वाटलं, आईने अक्कल पाजळलेली याला आवडली नाही.

मला त्या सगळ्यांत तो जमिनीवरचा जाडा तेवढा समजतो. तो पायातून येतो, मागासारखा.

तुमचं भांडण काय होतं ते मला कुणी सांगायला नको, मी मधोमध बसलेली असायचे. बाप एकच डिस्क लावायचा, तिच्यात तोच आवाज दोन तऱ्हांनी भरलेला, आधी डॉल्बी, मग डीटीएस, आणि दुसऱ्याला गिऱ्हाइकाचे डोळे मोठे व्हायचे. बाप म्हणायचा, बघितलंत फरक? तू आवाज मोजायचं यंत्र आणलंस आणि दाखवलंस, की या डिस्कवर दुसरा मुळातच मोठ्याने भरलाय, आणि माणसाला मोठं तेच चांगलं वाटतं. दोन्ही सारखे करून लावले तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. तू म्हणालास, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, मी वीस वर्षं हे करतोय, तू काल जन्मलास. मला तुझं पटलं होतं. तेव्हा बोलले नाही, ती माझी चूक.

आणि त्या दातांच्या डॉक्टरच्या वेळीही तूच बरोबर होतास, हे मी लिहून देते. त्याचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, हलवायला जागा नाही, आणि तुझा बाप त्याला सात स्पीकर गळ्यात मारत होता. तू म्हणालास, मागचे दोन काय शेजाऱ्याच्या घरात लावायचे? यांना पाच बस आहेत, वर छतात दोन द्या. इथवर ठीक. इथे गप्प बसला असतास तर आज मी हे लिहीत बसले नसते. पण तुला जिंकायचं होतं. डॉक्टर आणि त्याच्या बायकोसमोर तू बापाला विचारलंस, बाबा, तुम्हाला स्वतःला तरी यातला फरक ऐकू येतो का?

तो म्हणाला, लाव.

मग तू दिवे घालवलेस. मशीनच्या आकड्यांवर फडकं टाकलंस. जंगलाचा तो तुकडा लावलास, ज्यात पाठीमागे पक्षी किलबिलतात असं तुम्ही म्हणता, मी ते कधी ऐकलेले नाहीत. चार वेळा पाचाचं सात, साताचं पाच केलंस. चौथ्या वेळी तुझा बाप अंधारात म्हणाला, हे बघा, हे सात स्पीकर, मागचे पक्षी कसे स्वच्छ वेगळे येतात. तू दिवा लावलास. मागच्या दोन्ही स्पीकरच्या तारा तुझ्या हातात होत्या, दोन उंदीर शेपटीला धरावेत तशा. डॉक्टर हसला. त्याची बायको पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. आणि तू म्हणालास, बघा, वीस वर्षं हे असले पक्षी विकतायत. बाप एवढंच म्हणाला, बाहेर हो. तू बाहेर झालास तो पार दुसऱ्या गावी.

मी खुर्चीत बसून सगळं पाहिलं. त्या रात्री मलाही वाटलं, माझा मुलगा थापाड्या निघाला. तुझ्याइतकीच मीही आंधळी. पुढे पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडं राहिलं. ते टीं टीं करायला लागलं, माझ्या यंत्रात सुद्धा टोचायला लागलं, आणि तुझा बाप त्याच फ्रिजला टेकून शांतपणे चष्मा पुसत होता. मला काहीतरी खटकलं. मी त्याच्यासमोर गेले आणि विचारलं, दुकानाच्या चाव्या कुठे आहेत? तो म्हणाला, खिशात. मी विचारलं, डॉक्टरचं काय झालं? तो म्हणाला, त्याचं नाव काढू नकोस. तेवढ्यात तुझी आई, आमच्याकडे पाठ करून भाजी चिरत होती, ती वळून म्हणाली, अहो, तुम्ही कोणाशी बोलताय?

कारण मी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलवले होते. गिरणीत आम्ही असंच बोलायचो, चार मागांपलीकडच्या बाईशी, सासूच्या चहाड्यांपासून पोरांच्या तापापर्यंत सगळं. तिथे घसा फोडून उपयोग नसायचा. तीच सवय घरी आली, आणि तुझा बाप लहानपणी तुझ्या आजोबांच्या समोर बसून माझ्याशी तसा बोलायचा, आजोबांना पत्ता लागायचा नाही. तेव्हा तो खेळ होता. आता त्याला कळलं, की आवाज नव्हता हेच त्याच्या लक्षात आलं नाही. तो स्टुलावर बसला. मी पुन्हा तसंच विचारलं, किती दिवस? त्यानेही आवाज न करता सांगितलं, तीन वर्षं. बारीक आवाज आधी गेले, मग मागून बोललेलं जायला लागलं. आणि पुढे म्हणाला, पोराला सांगू नकोस. मी मान हलवली नव्हती, म्हणून हे सांगतेय.

आता त्या खोलीत तो काय करायचा ते नीट समजून घे, तू शिकलेला आहेस. तो स्पीकरकडे बघायचाच नाही. तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचा. गिऱ्हाइकाची मान जरा मागे वळली की म्हणायचा, ऐकलेत ना पक्षी? डोळे वर गेले की म्हणायचा, हेलिकॉप्टर गेलं बघा. तीन वर्षं तो लोकांच्या तोंडांवरून ऐकत होता, तुझ्याही. तू दिवे घालवलेस आणि त्याच्याजवळ होते नव्हते ते कान काढून घेतलेस. तुला माहीत नव्हतं, हे मला मान्य. पण रोज बापाच्या शेजारी उभा राहून, ज्याला आवाजातला केसाएवढा फरक कळतो, त्याला एवढं कळू नये? सेव्हन पॉइंट वन कळलं आणि पॉइंट एक माणूस कळला नाही.

त्याच्यावर मी कमी भडकले असं समजू नकोस. मी म्हटलं, यंत्र घाल, मी नाही घालत? तर म्हणतो, आवाज विकणाऱ्याच्या कानात यंत्र दिसलं तर कोण घेईल? मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरच्या तोंडात खोटा दात निघाला तर तो दवाखान्याला कुलूप लावतो का? त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. आता माझं बोलणं बंद करायचं असलं की तो हेच करतो. चांगली सोय झाली आहे त्याची. आणि मग एक दिवस जाऊन कव्हरवाल्याशी बोलून आला.

आता फोनचं. दोन्ही वेळा मी समोर बसले होते. तुझं नाव दिसलं तसा तो ताडकन उठला, फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्या. हॅलो हॅलो करत बाल्कनीत गेला, परत आला. फोनमध्ये तुझं तोंड दिसत नाही रे. मग त्याने बटण दाबलं आणि शर्टाच्या टोकाने फोन पुसत बसला, जसं काही आत कचरा गेलाय. दुसऱ्या वेळीही तेच, फक्त जास्त वेळ हॅलो म्हणाला. आम्हाला म्हणाला, रेंज नाही. त्याने रागाने फोन कापला नाही. तू त्याला ऐकूच आला नाहीस, आणि हे तो मरेस्तोवर तुला सांगणार नाही. तो दातांचा डॉक्टर गेल्या आठवड्यात परत आला होता. त्याला तू सांगितलंस तेच हवंय, पाच आणि छतात दोन, सोफा आहे तिथेच. हे काम तुमच्या मुलाने करावं, असं तो म्हणाला आणि तुझा बाप त्याचे ओठ बघत हो म्हणाला. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जायचंय. आवाज आपोआप जुळवायला मशीनच्या खोक्यात येतो तो छोटा माईक, ज्याची बाप चेष्टा करायचा, तो काढून रोज टेबलावर ठेवतो आणि नुसता बघत बसतो. त्या शनिवारी तू ये. छताला तो भोकं पाडून देईल, त्यात त्याच्या हाताला तोड नाही, आवाज तू जुळव. सोमवारी त्याला कानाच्या डॉक्टरकडे ने, ओढून न्यावं लागलं तर ओढून ने. कव्हरवाल्याचं काय करायचं ते मी बघते, त्याच्यासाठी माझी जीभ पुरे आहे. पण आधी पत्राचं उत्तर हवं. ते तू लिहायचं, कागदावर, मोठ्या अक्षरात, आणि पाकिटावर बापाचं नाव घालायचं. आईकडे निरोप द्यायचा नाही, फोन तर करायचाच नाही, आणि माझ्या नावाने आलं तर मी न फोडता परत पाठवीन. मी कागद-पेन आणून ठेवलंय. तुझं पत्र आलं की त्याच्यापुढे ठेवून मी समोर बसणार आहे. त्याला उत्तर तोच लिहील, दुसरं कुणी नाही.

तुझीच,
मधल्या खुर्चीतली आजी