तीनचा भोंगा

३ मार्च, सोमवार

वैरागहून सकाळची एसटी पकडून साडेनऊला सोलापुरात पोचले. भवानी पेठेतलं घर लगेच सापडलं. भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचं शेड आहे, त्याची खटखट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. धनलक्ष्मीताई शाळेत शिकवतात, त्यांचे यजमान सोमशेखर यांचं टॉवेल-चादरींचं दुकान. दोघं दहाला बाहेर पडतात ते सहाला परततात. तेवढा वेळ सोमशेखरांच्या आईला मी एकटीने सांभाळायचं. त्यांचं नाव सुंदरम्मा. सगळे अव्वा म्हणतात, मीही तेच म्हणणार.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. लाजू नका हो सोजरताई, आमच्याकडं लाजणारा उपाशी राहतो की, असं ताई म्हणाल्या. अव्वांच्या खोलीत मला स्वतंत्र खाट मिळाली आणि एक फळी. नवऱ्याचं घर सुटल्यापासून पाच वर्षं मी भावाकडे स्वयंपाकघराच्या दाराआड झोपत आले. फळीवर कंगवा, पावडरचा डबा आणि ही वही मांडली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

४ मार्च

अव्वा अठ्ठ्याहत्तरच्या. अंग चिमणीएवढं, डोळे मोठे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, तिच्यावर सतत हात. यजमान विरुपाक्ष गिरणीत होते. गेल्या आषाढात ते गेले आणि अव्वांनी जेवण सोडलं, मग बोलणं. मराठी येतं, पण आता तोंडातून निघते ती कानडीच, तीही एखादा शब्द. मला कानडी येत नाही.

डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली आहे, रात्री जेवणानंतर अर्धी. तिच्यामुळे निदान चार घास जातात, ताई म्हणाल्या. मात्र या वयात या गोळीने तोल जाऊ शकतो. म्हणून उठवण्याआधी खाटेच्या काठावर बसवायचं, दहा मोजायचे, मगच उभं करायचं. आणि पडल्या तर लपवायचं नाही. लगेच सांगायचं, कारण मग गोळीचा विचार पुन्हा करावा लागतो.

रोजचं सगळं खाटेजवळच्या निळ्या वहीत लिहायचं. ताई संध्याकाळी ती वाचतात. माझ्या आधीच्या बाईंच्या हातून अव्वा न्हाणीत घसरल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप दिला. ताई हे भाजी निवडता निवडता सहज बोलल्या.

निळ्या वहीत लिहिलं : आज ठीक.

७ मार्च

दुपारी तीन वाजले की अव्वा ताडकन उठून बसतात. भोंगा, म्हणतात. हा शब्द मात्र मराठीत. गिरणीची पहिली पाळी तीनला सुटायची, विरुपाक्ष घरी यायचे, त्याआधी चहा ठेवायचा असायचा. गिरणी बंद पडून वीस वर्षं उलटली. शेजारच्या चांदबी गच्चीवरून मला म्हणाल्या, बुढ्ढीच्या कानात अजून पाळी सुरू हाय बघा, आमच्या मालकाला असलं प्रेम दिसलं तर तो उद्याच गिरणी काढंल!

मी अव्वांना काठावर बसवते. दोघी दहा मोजतो, मी मराठीत, त्या ओठांतल्या ओठांत. मग चुलीपर्यंत हात धरून नेते आणि खराच चहा करते. तो अव्वा दाराशी नेऊन ठेवतात.

रात्री गोळी पुढे केली की त्या म्हणतात, ब्याड. मला हसू आलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बॅगला ब्याग म्हणतात, तसंच हे बेडचं ब्याड. व्हय अव्वा, एवढी गोळी घ्या की लगेच ब्याडवर जाऊ, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

१० मार्च

मी मागे कपडे धूत होते. वीज गेली, शेजारचे माग एकदम थांबले. त्या शांततेत ओला पंचा जमिनीवर पडावा तसा आवाज आला.

अव्वा चुलीशी आडव्या पडल्या होत्या. रडत नव्हत्या. हात धरून उठवलं, हाडं चाचपली. मोडलेलं काही नव्हतं, फक्त मांडीवर तळहाताएवढा डाग उमटत होता. लुगड्याखाली तो कुणाला दिसणार नव्हता.

फोन हातात घेतला होता. मग माझी फळी दिसली.

निळ्या वहीत : आज ठीक. लिहिताना पेन अडखळलं नाही, याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

१३ मार्च

एका गोळीतली अर्धी दिली की उरलेली अर्धी गोळ्यांच्या डबीत राहते. आज जेवणानंतर, दोन वाजता, डबीतला एक तुकडा त्यांना दिला. झोपल्या तर उठणार नाहीत. उठल्या नाहीत तर पडणार नाहीत.

ब्याड, अव्वा म्हणाल्या. मी ब्याडवर निजवलं.

तीनला उठल्या नाहीत. साडेचारला उठल्या आणि माझ्या हातातून निसटून उंबऱ्यावर बसल्यासारख्या पडल्या. दाराशी चहा नव्हता. तिकडे बोट करून मला काहीतरी विचारत होत्या.

आज ठीक.

१५ मार्च

रोज दुपारी देते आहे. त्या भिंत धरून चालतात. काल पुन्हा, आज पुन्हा. ताईंनी विचारलं, अव्वा पेंगतात का हो हल्ली? ऊन आहे ना ताई, मी म्हटलं. त्यांना पटलं. माझं सगळं पटतं त्यांना.

१७ मार्च

चांदबी पापड द्यायला आल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटचं, कानडी येतं त्यांना. मी अव्वांच्या ब्याडची गंमत सांगितली. त्या पोट धरून हसल्या. ब्याड म्हंजे नको, नको! इत्ता बी मालूम नै? महिनाभर इथंच राहिल्या तर गाय मागाल आणि म्हैस मिळंल तुमाला!

मीही हसले. त्या गेल्यावर न्हाणीत जाऊन दार लावलं.

नको. चौदा दिवस ती बाई मला नको म्हणत होती.

आणि इथे तरी खरं लिहिते. मला कळत होतं. शब्द कळला नव्हता, पण नकोचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. मान वळवणं कळतं. मिटलेले ओठ कळतात.

१८ मार्च

दोन वाजता तुकडा घेऊन उभी राहिले. अव्वा म्हणाल्या, ब्याड, तंगी. तंगी म्हणजे धाकटी बहीण, एवढं मला आता माहीत आहे. चांदबींना विचारलं होतं.

दिली.

तीनच्या सुमाराला माझा डोळा लागला होता. ओला पंचा पडल्याचा आवाज. मग दुसरा, कोरडा, काटकी मोडल्यासारखा.

१९ मार्च

खुबा मोडला. शनिवारी शस्त्रक्रिया.

डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी पडल्या? गोळी किती जाते? सोमशेखरांनी निळी वही पुढे केली. आज ठीक. आज ठीक. आज ठीक. पानं उलटताना ते माझ्याकडे बघत होते.

पहिल्यांदाच, मी म्हटलं. रात्री अर्धी, बस.

मग उदासीची गोळी तशीच चालू ठेवू, डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या जिन्यात सोमशेखरांनी मला हात जोडले. तुम्ही होता म्हणून वेळेवर आणता आलं, म्हणाले.

घराकडे बघायला मला परत पाठवलं.

२० मार्च

घरात मी एकटी. मागांची खटखट. अव्वांची खाट आवरली, चादर ताठ ओढली.

तीनला भोंगा झाला.

लांबलचक, पोटातून निघाल्यासारखा. मी गच्चीत धावले. चांदबी मिरच्या वाळत घालत होत्या. आवाज? कसला आवाज बाई?

खाली आले तर चादरीवर बसल्याचा खळगा. काठावर. दहा मोजायला बसतात तिथे.

मीच बसले असेन.

२१ मार्च

डबीत तीन तुकडे उरलेत. अव्वांना काय होत होतं ते मला माहीत हवं. दोन वाजता एक घेतला. मग अजून एक.

भिंती लांब गेल्या. तोंड कोरडं — उठले तर जमीन एका बाजूने उचलली गेली. चुलीचा कट्टा धरला म्हणून —

असं रोज. असं मी त्यांना रोज —

भोंगा. मग खोलीतून पावलं, घसटत, भिंत धरून. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात. थांबतात. ओला पंचा.

दार उघडलं. कुणी नाही. फरशीवर चहाचा पेला. मी केला नव्हता.

२२ मार्च, शनिवार

आज शस्त्रक्रिया. चारला आत नेणार.

ठरलं. ही वही घेऊन जायची. निळी नाही, ही. ताईंच्या हातात द्यायची, डॉक्टरांनी वाचायची. गोळी दोनदा जात होती. पाच वेळा पडल्या. सांगितलं नाही तर त्या घरी येतील, तीच गोळी, तेच तीन वाजणं, आणि पुन्हा —

फळी गेली तर जाऊ दे.

 सकाळी शेवटचा तुकडाही घेतला. का, माहीत नाही. त्यांच्याबरोबर असल्यासारखं वाटतं.

खाटेच्या काठावर बसून लिहिते आहे. त्यांच्या खाटेच्या.

तीनला पाच कमी. फोन वाजतोय, तिकडे चुलीजवळच्या कट्ट्यावर. एवढ्या लवकर का? चारला म्हणाले होते — ताईंचाच असणार — अव्वांना काही —

माग थांबले. वीज गेली.

भोंगा.

फोन वाजतोच आहे. उठायला हवं. सांगायला हवं, आत्ता —

माझ्या शेजारी गादी दबली. वजन चिमणीएवढं. चांदीची डबी माझ्या दंडाला लागते, गार. माझ्याकडे बघत नाहीत. ओठांतल्या ओठांत मोजताहेत. माझा हात धरून, अगदी हळू —

ब्याड, तंगी. ब्याड.

आता कळतं अव्वा. नको. उठू नको. दहा व्हायचेत अजून —

पण फोन थांबेल. मग मी पुन्हा कधीच सांगणार नाही, मला माहीत आहे मी कशी —

सहा — सात —

उठते अव्वा, मी उठ