केंद्रक जागचं हलत नाही

३ जून, सकाळ
मुलीचा विज्ञानाचा धडा घेतला. पेशी. डोळेच उघडले! पेशीत राबतात सगळे, पण हुकूम एकाचाच, केंद्रकाचा. आमच्या घरात नेमकं हेच बिनसलंय. ऑफिसने मला घरी बसवल्यापासून जो तो आपल्या मनाचा राजा. आता बायकोला बढती मिळालीये, दुसऱ्या गावी. म्हणे सगळ्यांनी जायचं. मला विचारलंसुद्धा नाही. (विचारलं होतं. मी मॅच बघत होतो.)

संध्याकाळ
घोषणा केली. आजपासून घर म्हणजे पेशी. केंद्रक मी, मुक्काम मधली खोली. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शक्तीचा पुरवठा, बायको. पगार आणि चहा दोन्ही तिच्याकडूनच येतात. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे ठरवणारं पेशीपटल म्हणजे सासूबाई. त्या हे आधीपासूनच करतात. रायबोझोम, हुकमाबरहुकूम माल बनवणारा कारखाना, मुलगी. टाकाऊ ते पचवणारा लायसोसोम, कचऱ्याची बादली.
कोणी हरकत घेतली नाही. सासूबाई म्हणाल्या, बरं हो, जावईबापू.

५ जून
दाराच्या फटीतून दोन हुकूम सोडले. 'बदली रद्द करावी.' 'चहा.' चहा आला. यंत्रणा कामाला लागली.

८ जून
किंचित गैरसोय. पाय मोकळे करायला निघालो तर सासूबाई आडव्या. केंद्रक आपलं आवरण सोडून हिंडतं का कुठे? तत्त्वाचा प्रश्न, परत फिरलो. आता त्या बाहेरून कडी घालतात. मीच परवानगी दिली. (कडी घातल्यावर.) बाथरूम खोलीतच आहे, नशीब.

११ जून
मित्र पत्ते खेळायला आला होता. पेशीपटलाने परतवला. जिन्यात हसत होता मेला. खिडकीला गज आहेत हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. जीव घुसमटतो. उद्यापासून व्यायाम.

१२ जून
व्यायाम नाही. खोली लहान.
बाहेर चिकटपट्टी ओढल्याचे आवाज. खोकी भरतायत! तातडीचा हुकूम, 'थांबा.' मुलगी दारातून म्हणाली, बाबा, तुमचे हुकूम लायसोसोममध्ये जातात, आई चहाचा तेवढा वाचते. मग बायको आली. अहो, पुरे झालं आता, उद्या सकाळी गाडी येतेय, चला ना. आवाज रडवेला. 'येतो' अगदी ओठांवर आलं होतं, खरं लिहितो. पण मग नाक कापलं गेलं असतं. म्हटलं, केंद्रक जागचं हलत नाही.
थांबेल ती. मायटोकॉन्ड्रिया पेशी सोडून जातात होय!

१३ जून, सकाळ
गाडी आली. गेली. हाका मारल्या. कोणी नाही. सासूबाईंनी सवयीने कडी घातलेलीच.

दुपार
मुलीचा फोन. हसत होती की रडत होती, कळेना. म्हणाली, शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे, त्या कडी काढतील. जेवण फ्रीजमध्ये. आणि बाबा, पुस्तक तुमच्या उशाशी राहिलंय, पुढचं पान वाचा.
वाचलं. रक्तातली तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते, आणि मग अंगभर फिरत कामाला लागते.
पुस्तक मिटलं. परत उघडलं.
पण खाली असंही लिहिलंय की अशी पेशी जेमतेम चार महिने टिकते. म्हणजे चार महिन्यांत येतील परत. मी कुठे जातोय!
काकू मात्र अजून आल्या नाहीत. चहाचा हुकूम लिहून फटीतून सरकवून ठेवलाय.