समुद्राकडच्या खोलीची व्यवस्था

मी, दलेंदा बिन रोमदान, वडिलांचे नाव सालेह, बंदर कचेरीतून निवृत्त, अविवाहित, राहणार महदिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि उभ्याने लिहीत आहे. स्वखुशीने, कारण माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. उभ्याने, कारण हृदयासाठी बसून राहा असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला बसवत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. ती नसती तर भगिनी-शहर मंडळातल्या काही जणांची मोठी सोय झाली असती.

१. कायद्याने मालमत्तेचा तिसरा हिस्साच मला माझ्या मर्जीने देता येतो. उरलेले सगळे माझा भाऊ हातेम याला जाईल. त्याला उपदेश करत नाही, त्याने आजवर एकही ऐकलेला नाही. अंगणातले नारिंगाचे झाड मात्र तोडू नये.

२. चादरी शेजारच्या सल्वाला द्याव्यात. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे हे शाळेत सिस्टर मार्तने मला छडी हातात घेऊन शिकवले. तिचा देव मला चिकटला नाही, कोपरे चिकटले. सल्वाने ते शिकून घ्यावेत, छडीची गरज पडू नये.

३. मंडळाचे अध्यक्षपद मी इथे कोणाला तरी देणार होते. नोंदणीसाठी आलेले अदूल, म्हणजे आमच्याकडचे नोटरी, सी बशीर अदबीने म्हणाले, "लल्ला, पद ही मालमत्ता नाही. मृत्युपत्रात बसत नाही."

"मग इतकी वर्षं बिनपगारी मी कशावर बसले होते?"

"तुम्ही कधी बसला होता, लल्ला?"

हे कलम रद्द.

४. आता मुख्य गोष्ट. समुद्रापलीकडचे कालाबियांका हे आमचे भगिनी-शहर. वसंतात त्यांची माणसे इकडे येतात, शरदात आमची तिकडे जातात. आमचा नियम एकच: पाहुणा घरात झोपतो. पहिल्या दिवशी त्याच्या हातात कॉफी, दुसऱ्या दिवशी सुरी. ओट्याशी आमच्या शेजारी उभे राहून त्याने मासे साफ करायचे. तिकडे गेल्यावर आम्हीही तेच करतो. भाषणे सगळे विसरतात. एकमेकांच्या ओट्यावर सांडलेले रक्त कोणी विसरत नाही.

उपाध्यक्ष सी लामीन यांना या सुरीची लाज वाटते. यंदा मी दवाखान्यात असताना त्यांनी सगळ्या पाहुण्यांना आपल्या मेव्हण्याच्या हॉटेलात उतरवले. पुढेही असेच चालावे असा ठराव त्यांनी रविवारच्या सभेपुढे ठेवला आहे.

मी घरी परतले त्या दुपारी दारात नुन्झियाता उभी, हातात बॅग. ही कालाबियांकाची जाळी विणणारी बाई, पहिल्या खेपेपासून माझ्याकडे उतरणारी. आम्हा दोघींची भाषा याच स्वयंपाकघरात तयार झाली, बाहेर ती कोणाला कळत नाही.

"मला हॉटेल?" ती ओरडली. "तुझ्या घरात साप निघाला का?"

"मी दवाखान्यात होते, गाढवे!"

"मग तिथे बोलवायचं! दवाखान्यात खुर्च्या नसतात?"

आत येऊन तिने खण उघडला, आपली सुरी काढली. घरात मासे नव्हते. माझ्याकडे पाठ करून तिने होते नव्हते तेवढे सगळे बटाटे सोलले. ते आम्ही अजून खातो आहोत.

५. म्हणून माझ्या हिश्श्यातून समुद्राकडची खोली, तिचा जिना आणि गच्ची मी मंडळाला देते. मंडळाला स्वतःची जागा नाही आणि सी लामीनना कचेरीसाठी ती खोली कधीपासून हवी आहे. खुशाल बसावे. अट अशी: ज्या वसंतात कालाबियांकाचा एक जरी पाहुणा मंडळाने हॉटेलात उतरवला, त्या वसंतात ही खोली नुन्झियाताच्या मालकीची होईल.

तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला नको. जिना उंच आहे. तू मरू नकोस म्हणजे झालं."

"आणि मिळालीच तर?"

"रोज सकाळी त्या माणसाच्या टेबलावर मासे साफ करीन."

६. मंडळाचा शिक्का माझ्याकडे आहे. तो मागायला सी लामीन आज आले. शिक्का आजच घेऊन जा, अध्यक्षपदही घ्या, पण आधी हे वाचा आणि खाली साक्षीदार म्हणून सही करा, असे मी सांगितले. कायद्याला दोन अदूल पुरतात. ही तिसरी सही मला पुरावी म्हणून.

त्यांनी दोनदा वाचले. "लल्ला, मेल्यावरसुद्धा तुम्ही सभा चालवणार?"

"चालवणार. आणि उशिरा येणाऱ्याला खुर्ची देणार नाही."

"पाहुण्यानेच हॉटेल मागितलं तर?"

मी नुन्झियाताला विचारले. आज बाजारातून आणलेले बांगडे तिने त्यांच्यापुढे ठेवले, वर सुरी. पहिला मासा त्यांनी पार बिघडवला. दुसरा बरा जमला. तिसऱ्याच्या वेळी ते म्हणाले, "माझी आई शेपटीकडून सुरुवात करायची," आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या. रविवारचा ठराव मागे घेतो असे ते तोंडी म्हणाले. मी ते इथे लिहून ठेवले.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. याआधीची सगळी मी रागात लिहिली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच लिहिले आहे, पण हे चालू ठेवावे.

महदिया, १७ एप्रिल २०१९

सही: दलेंदा बिन रोमदान (उभ्याने)

अदूल: बशीर लतायफ, नूरी अय्याशी

साक्षीदार: लामीन शतुरू. वाचून, समजून, नाराजीने.

साक्षीदाराच्या सहीवरचा डाग माशाचा आहे. तो खाडाखोड समजू नये.