माझ्या छपरावरून जाणारे विमान

प्रति,
मा. विमानसेवा अधिकारी,
डोंगरी हवाई सेवा कार्यालय,
मिरी, सारावाक.

विषय: पा राबान ते लाँग सेमुराक सरळ विमान मिळण्याबाबत.
संदर्भ: आपले उत्तर, ‘दोन विमानतळांतील अंतर फारच कमी असल्याने सरळ विमान देता येत नाही. मिरीमार्गे जावे.’

महोदय,

माझा मुलगा नि सून लाँग सेमुराकला असतात. दोन्ही गावे एकाच डोंगराच्या दोन अंगांना आहेत. विमानाला मध्ये पाव तासही लागत नाही, असे वैमानिकानेच सांगितले. तरुणपणी मी मिठाचे ओझे पाठीवर घेऊन हा डोंगर एका दिवसात ओलांडत असे. आता गुडघा ऐकत नाही. आपल्या मार्गाने मला आधी समुद्रापर्यंत उतरावे लागते, मिरीत रात्र काढावी लागते आणि दुसऱ्या विमानाने पुन्हा डोंगरात यावे लागते. ते दुसरे विमान माझ्याच छपरावरून जाते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही आकाशातून.

मागच्या महिन्यात हाही मार्ग करून पाहिला. लाँग सेमुराकवर ढग बसले होते, म्हणून विमानाने मला आणून सोडले ते पा राबानलाच. सामानासकट प्रवाशांना काट्यावर तोलणारा आमचा बेलायुंग म्हणाला, “सिना, लवकर परतलात. नात पाहिली का?” मी म्हटले, “पाहिली की, वरून. ढगाचं टोपरं घालून बसली होती.” तो म्हणाला, “मग आता आजी म्हणू, का अजून सिनाच?”

त्याची थट्टा मला लागली, कारण अडचण तीच आहे. आमच्यात पहिले नातवंड झाले की नावांचे जेवण होते. त्या दिवशी बाळाला नाव मिळते, आईबाप नवे नाव घेतात आणि आजीही. तोवर मी ‘सिना’, म्हणजे कुणाची तरी आईच. आजीवाचून जेवण होत नाही. जेवण दोनदा पुढे ढकलले. जेवणासाठी राखलेले डुक्कर इतके माजले आहे की कुंपण दोनदा बांधले. सून निरोप धाडते, “आई, पोरगी रांगायला लागली, तिला हाक काय मारू?”

तरी मिरीहून लाँग सेमुराकला जाणारे विमान एकदा आमच्या धावपट्टीवर टेकवावे. मी टोपली घेऊन काट्यावर उभीच असेन. अंतर कमी पडते हीच हरकत असेल, तर घर किती मागे न्यावे ते कळवावे. आमच्या लोकांनी अख्खे गाव उचलून नेलेले आहे; माणसे गोळा करते.

माझे नवे नाव ठरले आहे, पण जेवणाआधी ते लिहिता येत नाही. म्हणून सही जुन्याच नावाने करते.

आपली नम्र, अजून सिनाच राहिलेली,
सिना राबान बुलान
पा राबान, ३ जुलै

सोबत:
१. आपल्या उत्तराची प्रत.
२. नावांच्या जेवणाचे निमंत्रण, आपणांस सहकुटुंब. तारीख मोकळी ठेवली आहे, ती आपण भरावी.