क्र. १७ : द्वारपाल, आसनस्थ

प्रति,
मा. सहायक संचालक,
ग्रामीण प्राचीन वास्तू नोंद कक्ष,
बेंगळुरू

विषय : हिरेकट्टे येथील सोमेश्वर देवळाच्या मूर्तियादीतून जिवंत इसम वगळणेबाबत.
संदर्भ : आपली छापील यादी, अ. क्र. १७.

महोदय,

अर्जदार देवाप्पा चौगुले, मूळ राहणार निपाणी, हा देवनहळ्ळीजवळच्या हिरेकट्टे गावी बावीस वर्षे देवळाचा पहारेकरी आहे. "कन्नड लिहायला अडत असेल तर मराठीत लिहा, मीही तिकडचाच," असे आपण फोनवर म्हणालात, म्हणून हा अर्ज मराठीत.

१. देऊळ नऊशे वर्षांचे आहे. आत तमिळ शिलालेख, दोन वीरगळ, सप्तमातृकांचा पट्ट आणि छतावर कोरलेले अष्टदिक्पाल आहेत. मार्चमध्ये आपले सर्वेक्षक श्री. श्रीवत्स फोटो काढायला आले, तेव्हा अर्जदार गाभाऱ्याच्या दाराशी बसल्या बसल्या पेंगत होता. यादीत नोंद आली : "क्र. १७. द्वारपाल, आसनस्थ. काळा पाषाण. मिशा भरघोस. डावा कान किंचित झिजलेला." कानाची नोंद खरी आहे.

२. अर्जदाराने तक्रार केल्यावर श्री. श्रीवत्स यांनी फोटो आणि अर्जदार दोनदा ताडून पाहिले व म्हणाले, "सरी, खरंय, साम्य आहे. पण यादी छापून झाली, अण्णा." यादीतली वस्तू समितीच्या परवानगीशिवाय आवाराबाहेर नेता येत नाही आणि समिती वर्षातून एकदा बसते. शिवाय पहारेकऱ्याची जागा रिकामी दिसल्याने व्यंकोजी नावाचा नवा माणूस नेमला गेला. माणूस सज्जन आहे. रोज वहीत "क्र. १७ जागेवर" असे लिहितो, अर्जदार देवळामागे अंघोळीला गेला की कावराबावरा होतो.

३. न्हावी मिशीला कात्री लावत नाही, विद्रूपीकरणाचा गुन्हा होईल म्हणतो. पत्नी शालन डबा आणते, तर तिला मूर्तीला नैवेद्य दाखवण्याची मनाई असल्याचा फलक दाखवला जातो. दोन तज्ज्ञ येऊन गेले. एकाने अर्जदार अकराव्या शतकातला ठरवला, दुसऱ्याने तेराव्या. अर्जदाराने आधारकार्ड पुढे केले, तर दुसरे म्हणाले, "हे नंतरचं आहे."

४. जूनमध्ये मुलगी भाग्यलक्ष्मी आनेकलला बाळंत झाली. अर्जदाराला जाता आले नाही. अखेर काल तीच दोन बस बदलून बाळाला घेऊन आली. "अप्पा, घ्या तुमची नात," म्हणाली. अर्जदाराने नातीला मांडीवर घेतले आणि त्या आनंदात फेरतपासणीचे फोटो चालू आहेत याचे भान राहिले नाही. रात्री मायलेकी देवळातच राहिल्या आणि आज सकाळी फोनवर दुरुस्त यादी आली : "क्र. १७-अ. शिशू, द्वारपालाच्या मांडीवर. दुर्मीळ. हलवू नये."

तेव्हापासून भाग्यलक्ष्मी पायरीवर बसून आहे. दर दोन तासांनी आत येऊन बाळाला पाजते. व्यंकोजी बाळाला बाहेर न्यायला फाटक उघडत नाही आणि स्वतःच डोळे पुसतो.

५. तरी विनंती की, अर्जदाराचे काय ते समितीने सवडीने ठरवावे. म्हणाल त्या शतकात अर्जदार राहील. नातीला मात्र आजच घरी जाऊ द्यावे. आजोबा येतील म्हणून तिचे बारसे थांबवले होते. आपल्याकडून तिला क्रमांक मिळाला. नाव अजून ठेवायचे आहे.

आपला नम्र व हयात,
देवाप्पा चौगुले
हिरेकट्टे, दि. ५ ऑगस्ट २०२५

सोबत : आधारकार्डाची प्रत; बाळाचे लसीकरण कार्ड.