झेंडा मैदानाबाहेर जाताना

मेकन, जॉर्जिया
१० सप्टेंबर २०१७

चि. हॉरेस यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

आधी तब्येती. तुझी साखर काय म्हणते? डॉक्टरकडे जायच्या आधी चार दिवस गोड बंद करून तू त्याला फसवतोस, हे ग्लेंडाने मला कळवलंय. बायकोशी वैर करू नकोस, माझी गुप्तहेर आहे ती. तिचा नवा गुडघा जिना चढू देतो का? शेजारच्या ओडमबाईंची खोकल्याची उबळ गेली का? आणि तुमच्या माजी सैनिक मंडळाच्या विल्बर्टने मोतीबिंदू काढून घेतला, की अजून अंदाजानेच गाडी हाकतो?

इकडे मी धडधाकट, कान तेवढे गेले. फोनवर तू बोललास की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा आपली पत्रं बरी. कागद ओरडत नाही आणि दोनदा वाचता येतो.

आता ज्यासाठी बसले ते. ग्लेंडा लिहिते, जेरेलचा फुटबॉलचा सामना लागला की तू टीव्हीसमोरून उठतोस आणि धुतलेलीच गाडी पुन्हा धुवायला जातोस. हॉरेस, राष्ट्रगीताला सगळे उभे असताना तो एक गुडघा टेकतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही खुर्चीतून उठले होते. मला वाटलं, पोराला घेरी आली. पण तो जेवढा माझा नातू तेवढाच तुझा. माझी लेक गेल्यावर दर उन्हाळ्याला तुझ्याकडेच राहायचा. मागच्या अंगणात चेंडू छातीशी कवटाळून पळायला त्याला कोणी शिकवलं? आज अख्खा देश त्याला शिव्या घालतोय. देशाचं मला एवढं वाटत नाही, देशाने कधी त्याला मक्याची भाकरी करून वाढली नव्हती. पण परवा त्याने मला विचारलं, आजोबा माझ्या मेसेजला उत्तर का देत नाहीत? मी सांगितलं, त्यांचा फोन बिघडलाय. या वयात मला खोटं बोलायला लावलंस.

गाडीचा रंग जायच्या आत उत्तर लिही.

तुझ्यावर राग आहे, पण लोभाच्या खालच्या पायरीवर.

तुझी ताई,
लुव्हीनिया


डेटन, ओहायो
१९ सप्टेंबर २०१७

ती. ताईस हॉरेसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पीचच्या मुरंब्याची बरणी एकाच दिवशी पोचली. एका हाताने साखर विचारायची आणि दुसऱ्या हाताने मुरंबा धाडायचा, हा कुठला न्याय? ग्लेंडाने बरणी वरच्या फळीवर ठेवलीय. गुडघा जिना चढतो की नाही ठाऊक नाही, पण स्टुलावर मात्र चढतो. ओडमबाई खोकतात तशाच. विल्बर्टचा डोळा झाला, आता त्याला आमच्या सगळ्यांच्या सुरकुत्या दिसायला लागल्यात आणि तो त्या मोजून दाखवतो.

जेरेलबद्दल लिहितो, रागावू नकोस. तुला ठाऊक आहे, कोणी माजी सैनिक गेला की त्याच्या शवपेटीवरचा झेंडा घडी करायचं काम माझ्याकडे असतं. त्रिकोणी घडी करून मी ती त्याच्या बायकोच्या नाहीतर आईच्या मांडीवर ठेवतो. कधीकधी त्या बाया कापडाबरोबर माझा हातही धरून ठेवतात, सोडत नाहीत. माझ्या तुकडीतला लेस्टर त्याच कापडाखाली घरी आला. जेरेल म्हणतो, माझं भांडण झेंड्याशी नाही. नसेल. पण झेंडा धरून उभा मी असतो, ताई. माझ्यासमोर सगळे उभे आणि माझंच पोर खाली, हे माझ्या डोळ्यांना सोसत नाही.

आणि आता ऐक. २२ ऑक्टोबरला त्याचा संघ सिनसिनाटीला खेळायला येतोय. त्या दिवशी मैदानात झेंडा न्यायचा मान आमच्या मंडळाला मिळालाय, आणि नेणार मी. बैठकीत डॉनली उठला. म्हणाला, कोणी गुडघा टेकला तर आपण तिथल्या तिथे पाठ फिरवायची आणि झेंडा घेऊन चालू पडायचं. मग त्याने जेरेलचंच नाव घेतलं. म्हणे, त्या पोराला घरात कोणी वळण लावलेलं दिसत नाही. चारपाच जणांनी माना हलवल्या. जेरेलचं आडनाव बापाचं, तो आपला आहे हे मंडळात कोणाला माहीत नाही. तिकिटं मागून जीव खातील म्हणून मी कधी सांगितलंच नव्हतं. आता ते न सांगणं सोयीचं झालं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. विल्बर्टने मत विचारलं तेव्हा खोकला काढला. पुढच्या बैठकीत हात वर करून ठरणार आहे.

तुझ्यापासून लपवलं नाही, एवढं लक्षात घे.

माया असू दे, मुरंबा पाठवणं थांबव (एवढ्यात नको).

तुझा हॉरेस


मेकन
१ ऑक्टोबर २०१७

चि. हॉरेस यास आशीर्वाद. किती, ते पत्र संपल्यावर ठरवीन.

घरात कोणी वळण लावलं नाही, असं तो डॉनली म्हणाला आणि तू खोकलास? वळण लावणारे कोण होते रे? रविवारी चर्चला जाताना त्याची कॉलर मी ताठ करायची, आणि मोठ्यांशी बोलताना टोपी काढ म्हणून टपली तू मारायचास. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की बोलणं अवघड होतं, हे मला कळतं. पण गप्प बसून तू कोणाचे दात वाचवलेस?

मागच्या आठवड्यात त्याला सुट्टी होती, दोन दिवस येऊन गेला. माणसासारखा जेवला, पण हसला नाही. त्याचा कॉलेजातला खोलीतला सोबती केंडल तुला आठवतो का? बारीक, चष्म्याचा. एका वर्षी तुझ्याकडे आला होता आणि ग्लेंडाची सगळी भांडी घासून गेला होता. तो शाळेत गणित शिकवायचा. गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं. कागद काढायला त्याने गाडीतल्या खणाकडे हात नेला आणि पोलिसाने त्याला गोळी घातली. काळ्या पोराला मारलं म्हणून कोणावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. हे आपण दोघांनी पेपरात वाचलं होतं, पण तो हाच केंडल हे मला त्या दिवशी कळलं.

मी जेरेलला सरळ विचारलं, पण गुडघाच का? तो म्हणाला, आजी, मैदानात एखादा खेळाडू पडला आणि उठेना, तर दोन्ही संघांची पोरं काय करतात? मी म्हटलं, गुडघा टेकून थांबतात, त्याला उचलून नेईपर्यंत. तो म्हणाला, मग त्यावर कोणी रागावतं का? केंडल अजून पडलेलाच आहे.

मी त्याला आणखी बीन्स वाढले.

तू एकोणसत्तर साली गणवेशात घरी आलास तेव्हाचं मी विसरलेले नाही. चौकातल्या हॉटेलवाल्याने गोऱ्यांना बशीतून कप दिला आणि तुला कागदी पेल्यात कॉफी ओतून दाराकडे बोट दाखवलं. पेला भरलेला तसाच त्याच्या टेबलावर ठेवून निघून आलास आणि पुन्हा कधी त्या दारात गेला नाहीस. आई म्हणाली होती, दोन शब्द सुनावायचे होतेस. तू म्हणालास, सुनावलं की. हॉरेस, सगळेच तोंडाने सुनावत नाहीत.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. झेंडा ने, सरळ धर, तुझ्याइतका सरळ कोणी धरत नाही. फक्त पुन्हा कोणी विचारलं की हा कोणाच्या घरचा, तर खोकू नकोस.

ग्लेंडाला प्रेम. तुला आशीर्वाद पूर्ण दिले, कमी करवेनात.

लुव्हीनिया


डेटन
२८ ऑक्टोबर २०१७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सामना पाहिला असशील, पण टीव्हीने दाखवलं नाही ते मी लिहितो.

बैठकीत डॉनलीच्या बाजूने फार हात उठले नाहीत. विल्बर्ट म्हणाला, मैदानात नेलेला झेंडा रागाच्या भरात मध्येच फिरवणं यासारखा अपमान नाही. आपण आपलं काम करू. डॉनली धुसफुसत का होईना, मानवंदनेची बंदूक घेऊन माझ्या डाव्या हाताला उभा राहिला.

आम्ही मधोमध जाऊन थांबलो ते नेमके जेरेलच्या संघाकडे तोंड करून. गीत सुरू झालं आणि त्याने गुडघा टेकला, एकट्यानेच. शेजारी एक दांडगा गोरा पोरगा उभा होता, त्याने न बघता जेरेलच्या खांद्यावर हात ठेवला. आणि ताई, मग हुर्यो सुरू झाली. शिट्ट्या, शिव्या, घरी जा म्हणून ओरडा. गाणारी मुलगी शाळकरी होती, बिचारीचा आवाज कापायला लागला. हे गीत मी जन्मभर ऐकतोय. छावणीत ऐकलं, कबरींपाशी ऐकलं. त्यात कोणी अडथळा आणलेला पहिल्यांदा ऐकला, आणि तो गुडघा टेकणाऱ्याने आणलेला नव्हता. तो तर अख्ख्या मैदानात सगळ्यात गप्प होता.

गीत संपलं. झेंडा घेऊन आम्ही बाहेर निघालो. आता यात एक गोष्ट अशी, की गीत संपलं म्हणून झेंड्याचा मान संपत नाही. तो समोरून जात असेल तर छातीवर हात ठेवून उभं राहायचं, पार दिसेनासा होईपर्यंत. पण हे कोण पाळतं! टीव्हीवर जाहिराती लागलेल्या. हुर्यो करणारे बिअरच्या रांगेकडे पळत होते. खेळाडू हेल्मेटं चढवत होते, पाणी पीत होते. त्यांच्या बाजूच्या कडेने जाताना मला मान वळवायची मुभा नसते, तरी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं. जेरेल हेल्मेट काखेत मारून ताठ उभा, उजवा हात छातीवर, आणि झेंडा पुढे सरकेल तसं तोंड वळवतोय. अगदी आम्ही मैदानाबाहेर जायच्या बोगद्यात शिरेपर्यंत. लहानपणी चार जुलैच्या मिरवणुकीत मी त्याचा हात धरून छातीवर ठेवला होता, ते त्याने सोडलेलं नाही.

बोगद्यात शिरल्यावर डॉनली थांबला. त्यानेही पाहिलं होतं. म्हणाला, हा तोच ना? असा कसा हा पोरगा? कोणाचा आहे तरी हा?

मी म्हणालो, माझा. माझ्या बहिणीचा नातू. निम्मा तिने वाढवला, निम्मा मी.

जेरेल उभा राहिला म्हणून मी हे बोललो, असं मात्र समजू नकोस. ती हुर्यो चालू होती तेव्हाच वाक्य माझ्या ओठांवर येऊन बसलं होतं. झेंडा हातात असताना बोलायचं नसतं, म्हणून बोगद्यापर्यंत थांबलो. आणि खरं सांगू? गुडघा टेकणं मला अजून पटलेलं नाही. लेस्टर डोळ्यांपुढून हलत नाही. पण केंडलही हलत नाही. दोघांना घेऊनच झोपतो.

डॉनली माझ्याशी बोलत नाही. काल शुक्रवारी मंडळात मासे तळले होते, तो आपली ताटली घेऊन लांबच्या टेबलावर बसला. विल्बर्टने मात्र सगळ्यांसमोर विचारलं, हॉरेस, एवढा नातू लपवून ठेवलास, तिकिटांसाठीच ना? सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता बोलून गेलो, की हंगाम संपला की त्याला इथे मासे खायला आणतो. एक जण म्हणाला, आला तर मी दोन शब्द सुनावीन. मी म्हणालो, सुनाव, तो ऐकून घेईल, मग तूही त्याचं ऐकून घ्यायचं. आणि तो माझ्या शेजारी बसेल.

त्या दिवशी खेळाडूंच्या दारापाशी गेलो होतो, पण पहारेकऱ्याने सोडलं नाही आणि त्यांची बस निघून गेली. मेसेजमध्ये असलं काही मला लिहिता येत नाही. तेव्हा तूच त्याला विचार, येशील का म्हणून. दीड-दोन महिने मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही, त्याने नाही म्हटलं तर माझी तक्रार नाही. पण उत्तर काय ते लवकर लिही, ताई. इथे जो तो मला विचारतो, तुझा नातू कधी येणार, आणि मला ते विचारलेलं फार बरं वाटतं.

तुझ्या मायेचा हक्कदार,
हॉरेस